दंडावरचा ताईत नव्हे, साखरेचा पहारेकरी

२०२४ सालच्या १४ एप्रिलची रात्र मी जन्मभर विसरणार नाही.

आमच्या वस्तीतली जयंतीची मिरवणूक रात्री साडेदहाला संपली. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची. लेझीम पथकात सगळ्यांत पुढे तीच. चार तास नाचून घरी आली तेव्हा पांढरा ड्रेस घामाने चिंब झाला होता. दोन घास जेवली. झोपण्याआधी नेहमीप्रमाणे बोट टोचून शुगर पाहिली. १२६ आली. "छान आहे," असे म्हणून रात्रीचे इन्सुलिन दिले आणि आम्ही निश्चिंत झोपलो.

पहाटे चारच्या सुमारास कसल्याशा आवाजाने जाग आली. पाहते तो पोरगी घामाने ओलीचिंब, दात घट्ट आवळलेले आणि हातपाय झटके देत होते. शेजारपाजारचे धावत आले. कोणी म्हणाले, फिट आली, कांदा हुंगवा. कोणी चप्पल पुढे केली. माझे पती ई-रिक्षा चालवतात. ती दारातच उभी होती. तिच्यातच पोरीला घालून दवाखाना गाठला. तिथे शुगर भरली फक्त ३४! शिरेतून ग्लुकोज दिले तेव्हा काही वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, मी लेझीम चुकले का गं?"

झोपताना १२६ असलेली साखर पहाटे ३४ वर कशी आली? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. त्यांचे उत्तर आजही माझ्या कानात आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही १२६ हा आकडा पाहिला. पण तो वर चालला होता की खाली, हे तुम्हाला दिसले नाही. नाचून दमलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून घेत राहतात."

हा कोणता मधुमेह?

आपल्या घराघरांत आज शुगरचा पेशंट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. त्यांतल्या बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो. तो मोठ्या वयात होतो आणि बहुधा गोळ्यांवर चालतो. माझ्या सासूबाईंना तोच आहे.

माझ्या लेकीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. यात शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि आईबापांच्या चुकीनेही होत नाही. २०२२ साली, नऊ वर्षांची असताना, तिला एकाएकी फार तहान लागू लागली, रात्री चार-चार वेळा लघवीला उठू लागली, अंग झडले. आम्ही उन्हाळ्याचा त्रास समजलो. पुढे उलट्या, पोटदुखी आणि धाप सुरू झाली तेव्हा दवाखान्यात नेले. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती.

तेव्हापासून तिन्ही जेवणांआधी एक आणि रात्री एक, अशी रोज चार इंजेक्शने. शिवाय दिवसातून चार-पाच वेळा बोट टोचणे. अनेकांनी सल्ले दिले. कोणी झाडपाला सांगितला, कोणी म्हणाले, इन्सुलिनची सवय लागते, बंद करा. भगिनींनो, असल्या सल्ल्याला बळी पडू नका. १९२२ सालच्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो शहरात एका १४ वर्षांच्या मुलाला माणसांतले पहिले इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी हा आजार झालेली मुले वाचत नसत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बंद करणे म्हणजे श्वास बंद करणे होय.

दंडावर काय बसते?

त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी सेन्सर लावून पाहण्याचा सल्ला दिला. किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. शेवटी माझ्या भावाने पहिला सेन्सर घेऊन दिला. २०२४ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, तो लेकीच्या दंडाच्या मागच्या बाजूला बसवला.

दिसायला तो जुन्या मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती. खालून चिकट पट्टी. बसवताना एका साधनाने टच्‌कन दाबतात. आतली सुई सुतासारखी बारीक तार कातडीखाली सोडून बाहेर येते. सुई आत राहत नाही. ती तार जेमतेम अर्धा सेंटीमीटर आत असते. माझी लेक म्हणाली, "बोट टोचण्यापेक्षा हे कमी दुखतं."

तारेवर एक विशिष्ट रसायन असते. ते साखरेच्या संपर्कात आले की अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. साखर जास्त, तर वीज जास्त. त्यावरून यंत्र दर काही मिनिटांनी आकडा काढते आणि मोबाईलवर किंवा त्याच्या छोट्या यंत्रावर पाठवते. आकड्याशेजारी बाण असतो. बाण आडवा असेल तर साखर स्थिर, वर असेल तर चढती, खाली असेल तर उतरती. दिवसभराची नागमोडी रेघही दिसते. एक सेन्सर साधारण १४ ते १५ दिवस चालतो, मग फेकून द्यायचा. अंघोळ करता येते. एमआरआय काढायचा असेल तर काही सेन्सर आधी काढावे लागतात.

बोट टोचून घेतलेला आकडा हा फोटो असेल, तर सेन्सरची रेघ हा चालता सिनेमा आहे.

"हे काय बांधलं पोरीच्या दंडावर?"

माझ्या सासूबाई १९५६ साली आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेल्या. चकती पाहून त्या संतापल्या. "ताईत, गंडा, दोरा सारं माझ्या बापानं छप्पन्न सालीच फेकून दिलं. अन् आता नातीच्या दंडावर हे काय बांधता?"

उत्तर लेकीनेच दिले. "आजी, ताईत काही दाखवत नाही. हे दाखवतं. आणि हे खोटं बोललं तर बोट टोचून मला पकडता येतं. ताईत खोटा निघाला तर तू कसा पकडशील?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "मग हा ताईत नाही, पहारेकरी आहे."

पण पोरीच्या मनातली लाज एवढ्याने जात नव्हती. वर्गातल्या मुली विचारत, कोणी बोट लावून पाही. ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा कुडता घालू लागली. तेव्हा तिच्या बाबांनी तिला सांगितले की बाबासाहेबांनाही मधुमेह होता. त्यांचे पाय दुखत, त्यांनाही इन्सुलिन घ्यावे लागे आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाह झालेल्या डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, त्यांच्या पथ्याकडे आणि औषधाकडे लक्ष देत. त्या काळी घरी रक्त तपासण्याचे यंत्रच नव्हते. लघवी तपासून साखरेचा अंदाज घेतला जाई. लेक बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "बाबासाहेबांना बाण दिसत नव्हता. मला दिसतो." दुसऱ्या दिवसापासून तिने अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक घातला.

रेघेने काय शिकवले?

त्या १४ दिवसांत आम्ही जे शिकलो ते दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

आम्ही समजत होतो की भात वाईट आणि ज्वारीची भाकर कितीही खाल्ली तरी चालते. रेघेने सांगितले की भाकरीनेही साखर चढते. मात्र आधी भाजी आणि घट्ट वरण खाऊन मग एक भाकर खाल्ली तर चढ हळू असतो. नुसता पोह्यांचा नाश्ता केला की रेघ डोंगरासारखी उभी राहायची. पोहे निम्मे करून सोबत मटकीची उसळ दिली तेव्हा तो डोंगर टेकडी झाला. इन्सुलिन घेऊन लगेच जेवण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे १५ मिनिटे थांबल्याचा फायदाही दिसला. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले की रेघ नमते हे पाहून आता आजी आणि नात दोघी रात्री वस्तीला चक्कर मारतात. ताप आला, भांडण झाले, परीक्षा आली की काही न खाताही साखर चढते. पहाटे झोपेतच ती थोडी वर जाते. "तू चोरून काय खाल्लंस?" असे मी पूर्वी पोरीला उगाच रागवत होते, हेही त्या रेघेने मला दाखवून दिले.

त्याच पंधरवड्यात, २३ मे रोजी, बुद्ध पौर्णिमा आली. विहारात खीरदान होते. मागच्या वर्षी मी तिला खीर खाऊ दिली नव्हती आणि ती कोपऱ्यात बसून रडली होती. या वेळी डॉक्टरांना आधी विचारून घेतले. अर्धी वाटी खीर, तिच्या हिशेबाचे इन्सुलिन, मग मैत्रिणींबरोबर खेळणे. साखर १९० पर्यंत गेली आणि दोन-अडीच तासांत १४० वर आली. पोरगी सर्वांच्या पंगतीत बसून खीर खाऊ शकली. गरिबाच्या पोराला पंगतीतून उठावे न लागणे, ही काय लहान गोष्ट आहे?

रेघ वाचण्याचा एक सोपा नियम आहे. बहुतेक मधुमेहींसाठी साखर ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाच्या २४ तासांपैकी निदान १७ तास राहावी आणि ७० च्या खाली सगळा मिळून एक तासापेक्षा कमी वेळ असावी. म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांचे हिशेब वेगळे असतात. ते डॉक्टरांकडूनच समजून घ्यावेत.

पहारेकरीही चुकतो

सेन्सर रक्त तपासत नाही. तो कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो. रक्तातला बदल तिथे पोहोचायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. हे ठाऊक नसल्याने मी एकदा फसले. आकडा ६२ दिसला. तीन चमचे साखर पाण्यात दिली. पंधरा मिनिटांनी पाहिले तर ६४. घाबरून आणखी साखर, आणखी बिस्किटे दिली. तासाभराने शुगर २८० वर! पहिल्या साखरेनेच काम झाले होते, यंत्र फक्त मागे होते. तेव्हापासून साखर दिल्यानंतरची तपासणी आम्ही बोट टोचूनच करतो.

दुसरी गंमत म्हणजे पोरगी त्याच दंडावर कूस करून झोपली की दाबामुळे आकडा खोटाच खाली जातो. एका रात्री ५५ पाहून घर जागे झाले. बोट टोचले तर ११२. म्हणून आकडा आणि माणूस जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करा. ग्लुकोमीटर कपाटात टाकून देऊ नका.

आमच्या घरी मोबाईल एकच, तो ह्यांच्याकडे. हे रिक्षा घेऊन गेले की घरात आकडा दिसेना. शेवटी पुतण्याचा जुना फोन घेतला. शाळेत फोन चालत नाही. सेन्सर काही तासांचे आकडे स्वतःजवळ साठवतो, ते घरी आल्यावर फोनमध्ये उतरतात. शाळेत ती दप्तरात ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी ठेवते. तिच्या बाईंना आम्ही सर्व लिहून दिले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर २०१७ सालीच दहावी-बारावीच्या मधुमेही मुलांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. आपले मूल ज्या शाळेत, ज्या मंडळात असेल तिथे पालकांनी आधीच अर्ज द्यावा.

पुन्हा चौदा एप्रिल

२०२५ ची जयंती जवळ आली तशी माझी छाती धडधडू लागली. मी म्हटले, या वर्षी लेझीम नको. पोरीने जेवण सोडले. अखेर आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्या रात्रीचे इन्सुलिन किती कमी करायचे ते कागदावर लिहून दिले आणि पैसे साठवून घेतलेला सेन्सर आम्ही दोन दिवस आधी बसवला.

पोरगी पुन्हा सगळ्यांत पुढे नाचली. मध्ये दोनदा तिच्या बाबांनी तिला केळे दिले. झोपताना आकडा १३१ होता, पण शेजारचा बाण तिरका खाली! मागच्या वर्षी हाच बाण आम्हाला दिसला नव्हता. अर्धी भाकर आणि दूध देऊन तिला झोपवले. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन ओरडला. साखर ६८. उठवून साखरेचे पाणी पाजले. पंधरा मिनिटांनी बोट टोचले, ९४. बिस्कीट खाऊन ती कूस बदलून झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत तिच्याकडे पाहत बसले. या वेळी आनंदाने.

सगळ्याच सेन्सरना असा अलार्म नसतो. घेण्याआधी विचारून घ्यावे. आणि एक गोष्ट प्रत्येक घराने पाठ करावी. शुगर कमी झालेला माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कांदा-चप्पल तर नाहीच. कुशीवर झोपवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

पहारा कोणावर?

एक चूक कबूल करते. सेन्सर आल्यापासून मला आकड्याचे व्यसनच लागले. शाळेतून आली की पाणी विचारायच्या आधी मी फोन पाहायची. एकदा रेघ वर चढलेली दिसली आणि मी ओरडले, "मधल्या सुट्टीत काय खाल्लंस?" मैत्रिणीच्या वाढदिवसाचा पेढा तिने खाल्ला होता. ती म्हणाली, "आई, तू आता माझं तोंड पाहत नाहीस. आधी फोन पाहतेस. आजी म्हणाली तो साखरेचा पहारेकरी आहे. तू त्याला माझ्यावर बसवलंस."

मला काही बोलता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही ठरवले. ती घरी आली की आधी "दिवस कसा गेला?" हे विचारायचे, शुगर नंतर. आकडा चढला तर "काय खाल्लंस?" असे न विचारता "आता काय करायचं?" असे विचारायचे. नवल म्हणजे तेव्हापासून पेढा खाल्ला की ती स्वतः येऊन सांगते.

पैशाचे काय?

एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये लागतात. महिन्याला दोन. आमच्या दोघांची मिळून महिन्याची कमाई वीस-बावीस हजार. कायम सेन्सर लावणे आम्हाला शक्य नाही, हे स्पष्टच सांगते. २०२५ च्या जुलैत शाळेच्या रिक्षात चढताना एक सेन्सर दांड्याला घासून सहाव्याच दिवशी निघाला. पोरगी हुंदके देऊन रडली. तिचे बाबा म्हणाले, "पैसे गेले, तू आहेस ना?"

आम्ही मार्ग काढला तो असा. दर तीन महिन्यांनी एक सेन्सर. तोही परीक्षा, जयंती किंवा औषध बदलण्याच्या वेळी. त्या पंधरवड्यात काय खाल्ले, किती चालली, इन्सुलिन किती घेतले हे सर्व वहीत लिहायचे. वही डॉक्टरांना दाखवायची. उरलेले दिवस शिकलेल्या गोष्टींवर आणि बोट टोचण्यावर. बचत गटात मी दर महिन्याला यासाठी वेगळे पैसे टाकते.

ज्यांचा मधुमेह केवळ गोळ्यांवर आटोक्यात आहे त्यांनी कर्ज काढून सेन्सर घेण्याची गरज नाही. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, ज्यांची साखर वारंवार एकदम खाली जाते, त्यांनी डॉक्टरांना विचारून एकदा तरी १४ दिवस लावून पाहावा.

विदर्भातील आपल्या लोकांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्यात सिकलसेल बराच आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी तपासणी करतात ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी लवकर मरतात, म्हणून ती तपासणी साखर खोटीच कमी दाखवू शकते. सेन्सर तांबड्या पेशींवर अवलंबून नाही. घरात सिकलसेल आणि मधुमेह दोन्ही असतील तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतील याची वाट पाहू नका.

इंग्लंडमध्ये २०२२ सालापासून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व रुग्णांना सेन्सर देण्याची अधिकृत शिफारस आहे आणि तो सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो. आपल्याकडे केरळ राज्याने या मुलांसाठी 'मिठाई' नावाची योजना काढली आहे. मग महाराष्ट्रातल्या ई-रिक्षावाल्याच्या, सफाई कामगाराच्या, मोलकरणीच्या मुलाला तो का मिळू नये? निदान पहिल्या प्रकारच्या मुलांना तरी सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन, पट्ट्या आणि सेन्सर मिळावेत, ही मागणी आपण आई-बापांनी एकत्र येऊन केली पाहिजे. एकट्या बाईचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो. पन्नास आयांचा मोर्चा दारात उभा राहिला की फाईल हलते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

माझी लेक आता सातवीत आहे. पुढच्या जयंतीसाठी लेझीमचा सराव करते आहे. सेन्सर नसलेल्या दिवशीही ती नाचून आली की बोट एकदा टोचून थांबत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा टोचते. दोन आकडे शेजारी लिहिते आणि मधे स्वतःच्या हाताने बाण काढते.

— एक आई, नागपूर